बाकावर बसवलेला माणूस

कॅमेरावाला माझ्या एक्स-रेच्या टेबलावर उजवा हात ठेवून बसला, तेव्हा मी त्याला लगेच ओळखलं. चिठ्ठीवर त्याचं नाव होतं, त्याच्या चॅनलचंही होतं, पण मला चिठ्ठीची गरज नव्हती. दीड वर्षापूर्वी माझ्या नवऱ्याला सभागृहात सातआठ जणांनी खाली पाडून तुडवलं, तेव्हा हा माणूस चार पावलांवर उभा राहून शूटिंग करत होता. ती क्लिप मी इतक्यांदा पाहिली होती की मागच्या काचेच्या दारात त्याचं प्रतिबिंब दिसतं, हेही मला पाठ होतं. टक्कल, खांद्यावर कॅमेरा, गळ्यात ओळखपत्र.

"मनगट वळवा," मी म्हणाले.

"वळत नाही म्हणूनच आलोय."

मग मीच वळवलं. त्याने दात आवळून शिवी गिळली.

"दुखलं?"

"माणूस आहे मी."

"त्या दिवशी नव्हता."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या छातीवरच्या नावाच्या पट्टीकडे. "अच्छा. म्हणजे लेखकाच्या मिसेस तुम्ही."

"दोन मिनिटं उभे होता तुम्ही तिथे. कॅमेरा खाली ठेवून एकाला जरी मागे ओढलं असतं ना, तरी त्याचा जबडा वाचला असता. आजही घास चावताना त्याच्या तोंडातून कट् कट् आवाज येतो. जेवायला समोर मी बसते, तुम्ही नाही."

"दोन नाही, साडेचार," तो म्हणाला. "दोन दाखवली."

मी काचेमागे गेले आणि बटण दाबलं. पडद्यावर त्याचं मनगट उमटलं. अंगठ्याच्या मुळाशी केसाएवढी चीर होती. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

बाहेर येऊन विचारलं, "उरलेल्या अडीच मिनिटांत काय आहे?"

तो डाव्या हाताने बाहीची बटणं लावत होता. लागत नव्हती. मी मदत केली नाही.

"घरी विचारा," तो म्हणाला. "घरात एवढा लिहिणारा माणूस आहे. छान सांगेल."

माझा नवरा लेखक. त्या मारहाणीआधी त्याला शेदोनशे माणसं ओळखत होती, तीही एकमेकांना ओळखणारी. निवडणुकीच्या दिवसांत रोज कुठेतरी दगडफेक, कुठेतरी डोकी फुटत होती, म्हणून काही मंडळींनी हिंसेच्या विरोधात सभा ठेवली. रविवारी सकाळी. तिथे तो बोलत असताना लोक धावून आले आणि त्याला मारलं. चॅनलने आठवडाभर दुसरं काही दाखवलं नाही. पडद्यावर त्याचा रक्ताळलेला चेहरा थांबवायचे, भोवती लाल गोल काढायचे आणि चार माणसं एकमेकांवर ओरडायची. सगळा देश त्याला ओळखायला लागला. पुढे त्याने त्या दिवसावर पुस्तक लिहिलं. त्याचे हात बधिर व्हायचे म्हणून ते मी टाइप केलं. सहा महिन्यांत त्याच्या चार आवृत्त्या निघाल्या.

खटला अजून चालू होता. सभागृहाच्या दारात घोषणा द्यायला आलेले एका पक्षाचे लोक पहिल्याच आठवड्यात सुटले, कारण क्लिपमध्ये त्यांच्या पाठी दिसत होत्या. अडकला तो एकच, सभागृहात खुर्च्या लावणाऱ्या माणसाचा धाकटा भाऊ. त्याचा चेहरा स्वच्छ दिसत होता आणि हातात घडीची खुर्ची होती. तो दीड वर्ष आत होता. त्याला जन्मभर सडवावं असं मला वाटायचं, आणि तसं मी टीव्हीवर बोललेही होते. बारा दिवसांनी माझी साक्ष होती. नवऱ्याचे एक्स-रे मीच काढले होते, त्या रविवारी माझीच ड्युटी होती.

संध्याकाळी घरी गेले तर नणंद टेबलावर पत्रं लावत बसली होती. लग्न न करता ती भावाकडेच राहिली होती. पुस्तक आल्यापासून दादाची पत्रं, दादाची भाषणं, दादाचं पथ्य, सगळं तिच्याकडे. मी त्या घरात पाहुणी आणि ती मालकीण, अशी वाटणी कुणी न करताच झाली होती.

नवरा चष्मा पुसत होता. मी चप्पल न काढताच विचारलं, "क्लिप साडेचार मिनिटांची आहे म्हणे. आधीच्या अडीच मिनिटांत काय झालं?"

चष्मा पुसणारं बोट थांबलं. क्षणभरच.

"कोण म्हणालं?"

"तुझा कॅमेरावाला. आज हात मोडून आला होता."

"चॅनलवाले," तो हसला. "यांचं पोट भरत नाही. आता आणखी काहीतरी उकरायचं असेल. तू बोललीस कशाला त्याच्याशी?"

"पण काय झालं होतं?"

"माझं भाषण झालं होतं! पुस्तकात आहे सगळं. तूच टाइप केलंयस."

"वहिनी, आल्या आल्या कशाला?" नणंद म्हणाली. "दादाला आज दुपारीही चक्कर आली. जरा माणसासारखं वागा."

मी फोन काढला. म्हटलं, चॅनलच्या ऑफिसला लावते, नंबर चिठ्ठीवरून उतरवून घेतला होता. त्याने उठून माझ्या हातावर फटका मारला. फोन भिंतीवर आपटला. चौदा वर्षांच्या संसारात त्याने माझ्यावर आवाजसुद्धा चढवला नव्हता. माणसांत तो त्याबद्दलच प्रसिद्ध होता.

"सॉरी," तो लगेच म्हणाला. "मला तो दिवस आठवला की असं होतं. तुला माहितीये."

नणंदेने फोनचे तुकडे उचलले आणि माझ्यासमोर ठेवले. "बघा, काय करायला लावलंत त्याला."

दुसऱ्या दिवशी दुपारची सुट्टी टाकून मी चॅनलच्या इमारतीत गेले. कॅमेरावाला तळघरातल्या एडिटिंगच्या खोलीत होता. खोली बर्फासारखी गार, खिडकी नाही, पाच पडदे, जुन्या कॉफीचा वास. हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे त्याला बाहेर पाठवत नव्हते, जुन्या फिती लावून ठेवायचं काम दिलं होतं.

"वाटलंच होतं याल," तो म्हणाला. खुर्ची पुढे केली नाही.

"दाखवा."

"तुम्ही हात पिळला नसता ना, तर मी बोललोही नसतो. दीड वर्ष गप्प आहे. मला नोकरी आहे, घरी दोन मुली आहेत. हे उगाच मोठेपणाने करतोय असं समजू नका."

"मी तुम्हाला काहीच समजत नाही. दाखवा."

त्याने डाव्या हाताने माउस हलवला.

सभागृह. व्यासपीठावर माझा नवरा, पुढ्यात माइक. मागच्या रांगा रिकाम्या. एक पन्नाशीचा माणूस, निळा शर्ट, खुर्च्या घडी करून एकावर एक ठेवतोय. खाट्, खाट्. नवरा बोलता बोलता थांबला. "आधी तो आवाज बंद करा." तो माणूस म्हणाला, "साहेब, बारा वाजले. तुमची वेळ साडेअकरापर्यंतच होती. एक वाजता दुसऱ्यांचा कार्यक्रम आहे, आम्हाला खुर्च्या फिरवायच्यात." नवरा म्हणाला, "मी इथे माणसं मरतात त्यावर बोलतोय आणि तुला खुर्च्या दिसतायत?" त्यावर तो माणूस म्हणाला, "माणसं मगाशीच गेली साहेब, खुर्च्याच राहिल्यात."

लोक हसले. उरलेले पंचवीसतीस जण असतील, पण सगळे हसले. व्यासपीठावरचे अध्यक्षसुद्धा.

माझा नवरा खाली उतरला. त्याची ती चाल मला ठाऊक होती, वाचनाला जाताना अशीच सावकाश चालतो. त्याने त्या माणसाच्या हातातली खुर्ची ओढून घेतली. मला वाटलं बाजूला ठेवेल. त्याने ती दोन्ही हातांनी उचलली आणि त्याच्या तोंडावर हाणली. तो माणूस गुडघ्यांवर बसला, एक हात वर केला. तेव्हा नवऱ्याने दुसऱ्यांदा मारली. खुर्चीचा लोखंडी पाय डोळ्यावर बसला. दुसऱ्यांदा मारायला त्याने खुर्ची उलटी धरली होती. म्हणजे विचार करून.

मग बाजूच्या दारातून एक तरुण "दादा!" असं किंचाळत धावला. हाच तो धाकटा भाऊ. त्याने खाली पडलेली ती खुर्ची उचलली. त्याच्यामागे पक्षाचे घोषणा देणारे, ज्यांना फक्त निमित्त हवं होतं. पुढचं मला पाठ होतं.

"परत लावा," मी म्हणाले.

"कशाला?"

"त्या माणसाचा चेहरा. थांबवा तिथे."

त्याने थांबवलं.  मी भिंतीला टेकले.

त्या रविवारी मी नवऱ्याचे फोटो काढून त्याला वॉर्डात पाठवलं, तेव्हा बाहेरच्या बाकावर हाच निळ्या शर्टाचा माणूस होता. चेहऱ्याची एक बाजू सुजून डोळा बंद झालेला. सोबत एक पोलीस. पोलीस म्हणाला, "त्यांच्यातलाच आहे. साहेबांना मारणाऱ्यांतला." बाईसुद्धा होती, त्याची बायको असावी. ती म्हणाली, "बघा ना लवकर, त्यांना दिसत नाहीये." मी चिठ्ठी घेतली, रजिस्टरमध्ये वेळ टाकली आणि म्हणाले, "मशीन गरम झालंय. बसा."

मशीनला काही झालं नव्हतं. मी आत जाऊन स्टुलावर बसले. ती बाई तीनदा दार वाजवून गेली. तिसऱ्यांदा मी दार उघडलंच नाही. दोन तास दहा मिनिटांनी मी त्याला आत घेतलं. डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं होतं, आत रक्त साचून नस दबली होती. डॉक्टर नंतर चहा पिताना म्हणाले की डोळा गेला, थोडा आधी ऑपरेशनला वर आला असता तर कदाचित काही करता आलं असतं. मी म्हणाले, "अशांचा गेलेलाच बरा."

कॅमेरावाल्याला यातलं काही मी सांगितलं नाही. त्याने मला पाणी दिलं नाही आणि मी मागितलं नाही.

"हे कापलं कुणी?"

"वरून आलं. लेखकाला मारलं ही बातमी आहे. लेखकाने मारलं, मग लेखकाला मारलं, ही भांडणाची तक्रार आहे. तिला कोण जाहिराती देतं?" त्याने पडदा बंद केला. "तुमचा नवरा हॉस्पिटलमधून सुटल्यावर आला होता इथे. प्लास्टर, पट्ट्या, सगळं घेऊन. संपादकांसोबत बसून त्याने पूर्ण पाहिलं. गेला तेव्हा मला कागदावर लिहून दिलं, तुमचे आभार. मला वाटलं शूटिंगबद्दल म्हणतोय."

घरी पोचले तेव्हा दोघं चहाला बसले होते. ऊन अजून खिडकीत होतं. मी नणंदेसमोरच बोलले.

"मी पाहिलं. पूर्ण."

तो चिडेल, नाही म्हणेल, असं वाटलं होतं. त्याने कप खाली ठेवला.

"मग?"

"मग? तू त्याचा डोळा फोडलास."

"मी त्याला मारलं. हो. एक क्षण माझा तोल गेला. पण त्या एका क्षणावर हा सगळा काळ उभा आहे, ही हवा, हा द्वेष, तो माझ्यातही शिरला, हेच तर मी लिहिलंय ना? थेट नसेल लिहिलं. साहित्यात सगळं थेट लिहीत नाहीत."

"कोर्टातही थेट सांगितलं नाहीस. शपथ घेऊन म्हणालास, मी व्यासपीठावर होतो, हल्ला झाला."

"आणि खरं सांगून काय होणार होतं? त्या घोषणावाल्यांना आयतं कोलीत मिळालं असतं. बघा, हिंसेवर बोलणारा कसा आहे! आपली बाजूच संपली असती."

"कुणाची बाजू? एक पोरगा आत बसलाय!"

"दादाला मारलंय त्याने!" नणंद ओरडली. "जबडा मोडलाय! ती बरगडी अजून दुखते त्याची! तुम्ही कुणाच्या बायको आहात हो, वहिनी? कुणाचं मीठ खाता?"

"माझा पगार मी खाते," मी म्हणाले. "तू गप्प बस."

ती रडायला लागली. नवऱ्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे अगदी शांतपणे पाहिलं. ती शांतता मला मारण्यापेक्षा वाईट वाटली.

"डोळा मी फोडला, ठीक आहे," तो म्हणाला. "पण गेला कशाने? त्या संध्याकाळी वॉर्डात माझा हात धरून तू काय म्हणालीस ते आठव. म्हणालीस, त्यांच्यातल्या एकाला मी दोन तास बाहेर सडवलं. निळ्या शर्टाचा, डोळा सुजलेला."

मला आठवत होतं. अभिमानाने सांगितलं होतं.

"तुला तेव्हाच कळलं? तो कोण होता ते?"

"तेव्हाच."

"आणि तू काही बोलला नाहीस."

"जबडा बांधलेला होता माझा," तो म्हणाला, आणि थोडा हसलासुद्धा.

त्याच्या पुस्तकात ते होतं. सातवं प्रकरण. हळव्या स्वभावाची त्याची बायको, मुंगीलाही न दुखवणारी, त्या दिवशी एका हल्लेखोराला दाराबाहेर ताटकळत ठेवते आणि नवऱ्याच्या उशाशी येऊन सांगते. आणि त्याला वेदनेतही कळतं की प्रेम म्हणजे काय. टाइप करताना माझे डोळे भरून आले होते. त्या पानाबद्दल बायकांची सगळ्यात जास्त पत्रं आली होती. नणंदेने ती वेगळ्या फाइलला लावली होती.

"कोर्टात बोलायचं तर बोल," तो म्हणाला. "पण अर्धं नको. पूर्ण बोल. बघू किती दम आहे."

मी एक बॅग भरली आणि हॉस्पिटलच्या नर्सेसच्या वसतिगृहात राहायला गेले.

खुर्चीवाल्याचं गोदाम बाजाराच्या मागे होतं. पत्र्याचं छप्पर, छतापर्यंत लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या चळती, कोपऱ्यात घडीच्या लोखंडी. मागच्या खोलीत ते राहायचे. तो बाहेर बसून एका खुर्चीच्या पायाला रबरी टोपी ठोकत होता. हातोडी दोनदा बोटाशेजारी पडली. एका डोळ्याने अंतर कळत नाही, हे मला शिकवलं होतं, मी बघितलं नव्हतं.

बायकोने मला पाहिलं आणि हातातली बादली खाली आपटली.

"एक्स-रेवाली," ती म्हणाली. "हिला मी विसरायची नाही. आता काय हवंय? दुसरा डोळा?"

"मला सांगायचंय काहीतरी."

"आम्हाला ऐकायचं नाही. टीव्हीवर ऐकलं की. माझ्या दिराला जन्मभर सडवा म्हणत होतीस. त्याच्या पोरीने पाहिलं ते, शेजाऱ्यांच्या घरी."

खुर्चीवाला म्हणाला, "बोलू दे तिला."

मी उभी राहूनच बोलले. क्लिप पाहिली ते सांगितलं. नवऱ्याने मारलं ते सांगितलं, त्यावर बायको म्हणाली, "आम्हाला सांगतेस होय? आम्ही दीड वर्ष बोंबलतोय, कुणी ऐकलं?" मग मी मशीनचं सांगितलं. गरम झालं नव्हतं, असं म्हणाले.

 खुर्चीवाल्याने तोंडातले दोन खिळे काढून तळहातावर ठेवले.

"तेव्हा आत दुसरा पेशंट होता का?" त्याने विचारलं.

"नाही."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही. मी बसले होते."

"काय करत होता?"

मी आठवून पाहिलं. "काही नाही. नुसती बसले होते."

त्याने मान हलवली, जणू एवढंच त्याला हवं होतं. मग हातोडी उचलली आणि माझ्याकडे पाठ केली. बायको माझ्याजवळ आली. तिने हात उगारला, मी मान हलवली नाही. पण तिने मारलं नाही. "तुला मारून मी आत जाऊ?" ती म्हणाली. "माझ्या घरातला एक आहे की आधीच. चल, नीघ."

साक्षीच्या दिवशी कोर्टात चॅनलचे लोक होते, पण कॅमेरे बाहेर. नवरा पहिल्या रांगेत, शेजारी नणंद, तिच्या हातात त्याच्या औषधांची पिशवी. धाकटा भाऊ पिंजऱ्यात. क्लिपमध्ये होता त्याहून निम्मा दिसत होता.

सरकारी वकिलाने मला जबड्याबद्दल विचारलं, बरगड्यांबद्दल विचारलं. मी सांगितलं. तो खाली बसला. बचावाचा वकील कंटाळलेला होता, त्याने उठायचंही टाळलं. "काही प्रश्न नाही" असं तो म्हणणार तोच मी न्यायाधीशांकडे वळून म्हणाले, "मला आणखी सांगायचंय."

"विचारलं तेवढंच सांगा," सरकारी वकील म्हणाला.

न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कशाबद्दल?"

"रजिस्टरबद्दल. त्या दिवशी माझ्याकडे दोन जखमी आले होते. दुसऱ्याबद्दल मला कुणी विचारलंच नाही."

बचावाचा वकील ताडकन उठला. मग त्याने विचारलं आणि मी सगळं सांगितलं. रजिस्टरमध्ये चिठ्ठी घेतल्याची वेळ असते आणि फोटो काढल्याचीही. दोन्ही माझ्या अक्षरात. एक दहा, तीन वीस. मधे एकही नोंद नाही. का नाही? कारण मी त्याला मुद्दाम बसवलं. का बसवलं? माझ्या नवऱ्याला मारणारा म्हणून. तो मारणारा होता का? नव्हता. तुम्हाला कसं माहीत? मी पूर्ण रेकॉर्डिंग पाहिलंय. कुठे? चॅनलमध्ये. कुणी दाखवलं, त्याचंही नाव घेतलं. त्याला घरी दोन मुली होत्या, हे मला आठवत होतं, तरी घेतलं.

नणंद उभी राहून ओरडली, "खोटं बोलतेय! सूड उगवतेय!" तिला बाहेर काढलं. नवरा हलला नाही. तो खिशातली छोटी वही काढून काहीतरी लिहीत होता.

चॅनलला पूर्ण रेकॉर्डिंग द्यायचा हुकूम निघाला. दोन तारखा त्यांनी मशीन बिघडलं, फीत हरवली असं सांगितलं. तिसऱ्या तारखेला कॅमेरावाला स्वतः आला. नोकरी गेलीच होती, मग भीती कसली, असं म्हणाला. साक्ष देऊन जाताना माझ्याजवळून गेला आणि म्हणाला, "हात अजून नीट वळत नाही. तुम्ही पिळला तेव्हापासून."

धाकट्या भावाने मारलं होतं, ते कोर्टाने मान्य केलं. पण भावाला वाचवायला तो धावला, आणि जेवढं भोगायचं तेवढं भोगून झालंय, असं म्हणून त्याला सोडलं. माझ्या नवऱ्यावर गुन्हा दाखल झाला. सकाळी अटक, दुपारी जामीन. आठवड्याने तो त्याच चॅनलवर पूर्ण तासभर बसला. म्हणाला, मीही त्यातलाच एक आहे, आपण सगळेच आहोत. तो रडला. कॅमेरा त्याच्या डोळ्यांजवळ नेला होता, नवा कॅमेरावाला. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीला त्याने कबुलीचं प्रकरण जोडलं आणि समीक्षकांनी लिहिलं की एवढं धैर्य क्वचित दिसतं. सातवं प्रकरण जसंच्या तसं ठेवलंय. मी वकिलामार्फत पत्र पाठवलं, ते पान काढा म्हणून. उत्तर नणंदेच्या सहीने आलं: लेखकाच्या शब्दात फेरफार करता येणार नाही.

माझी चौकशी झाली. आता मी एक्स-रेच्या खोलीत नाही, तळमजल्यावर जुने कागद सांभाळते. काही जणी माझ्याशी बोलत नाहीत, त्यांचं बरोबर आहे. काही जणी फार गोड बोलतात, त्या मला सहन होत नाहीत.

धाकटा भाऊ सुटला त्या दिवशी मी तुरुंगासमोर गेले होते. का गेले ते विचारू नका. अकराच्या सुमारास छोटं दार उघडलं आणि तो बाहेर आला, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पायात कुणाच्या तरी मोठ्या चपला. खुर्चीवाला टेंपोजवळ उभा होता. दोघांनी एकमेकांना मिठी मारली नाही. धाकट्याने भावाच्या तोंडाकडे पाहिलं, त्या बंद डोळ्याकडे, आणि मान खाली घातली.

खुर्चीवाल्याच्या बायकोला मी दिसले. ती रस्ता ओलांडून आली.

"इथे काय बघायला आलीस?"

"काही नाही."

"खरं बोललीस कोर्टात. ऐकलं आम्ही." ती माझ्या अगदी तोंडाजवळ आली. "त्याने डोळा येतो का परत?"

"नाही."

"दीड वर्ष येतं का त्याचं?"

"नाही."

"मग आम्ही तुला बरं म्हणावं असं वाटतंय का? मी म्हणणार नाही. मरेपर्यंत नाही. रस्त्यात दिसलीस तरी थुंकेन."

"थुंका," मी म्हणाले.

ती थुंकली नाही. माझा चेहरा तिच्याआड होता, तिकडून धाकट्याने विचारलं, "वहिनी, कोण आहे ती?"

"कुणी नाही," ती ओरडून म्हणाली. "रस्ता विचारतेय."

ते तिघं टेंपोत पुढे ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीने बसले. मागे खुर्च्या होत्या, कुणाच्या तरी कार्यक्रमाला जायच्या असतील. टेंपो वळला तशा त्या एकमेकींवर आपटल्या. माझी ड्युटी एकला होती. मी बस पकडली.